इंडिकेटर आधी बंद करायचा

“चालवणारा वाचला का?”

शारजातल्या आमच्या गॅरेजात पहिल्याच दिवशी, समोरची चेपलेली गाडी बघून मी हे विचारलं. आमचे मालक हनीफचाचा, रत्नागिरीचे. ते एवढंच म्हणाले, “यल्ला, चल, दरवाजा खोल.”

चाचा अमेरिकेतल्या एकाच काउंटीतून, म्हणजे तिथल्या तालुक्यातून, ठोकलेल्या गाड्या लिलावात घेतात. मी आणि माझा दादा त्या खोलून पार्ट सुटे करायचो. गाड्यांबरोबर किस्सेही येतात. पार्ट विकले जातात, किस्से राहतात.

मी सातवी नापास, पण तो तालुका मला पाठ आहे. सगळ्या पिकअप. सीटखाली मक्याचे दाणे, पुढच्या जाळीत धडकलेल्या हरणाचे केस. चाचा म्हणायचे, “तिकडची हरणं आपली पार्टनर आहेत.” आधी गाड्यांत कुठल्याशा कारखान्याच्या लाल टोप्या सापडायच्या. मग सापडेनाशा झाल्या. दादा म्हणाला, “कारखाना बसला वाटतं.” त्यानंतरच्या गाड्यांचे टायर झिजून गुळगुळीत.

एकदा मॅटखाली मका उगवला होता. बंद कंटेनरात, अंधारात, बोटीवर! पांढराफटक कोंब, वीतभर, ड्रायव्हरच्या पायाच्या जागी. दादाने डब्यात लावला. जगला नाही.

बॅटरी जोडली की कितीतरी गाड्यांचा इंडिकेटर लागायचा. टकटक, टकटक. कुणीतरी वळत होतं, तेवढ्यात झालं. दादा आधी इंडिकेटरची दांडी सरळ करायचा आणि रिकाम्या सीटला म्हणायचा, “पोचलास बाबा. उतर आता.” मी हसायचो.

एकदा तो विसरला. बॅटरी काढून आम्ही जेवायला बसलो, तरी टकटक चालूच. चाचांच्या हातातला घास तसाच राहिला. “जा, सांग त्याला,” ते हळूच म्हणाले. दादाने जाऊन सांगितलं. थांबलं.

गेल्या महिन्यात दादा त्याची पिकअप घेऊन लांब रुवैसला पार्ट पोचवायला गेला. परतताना, आमच्या खोलीच्या वळणावर ट्रकने उडवलं. फोन चाचांना आला. मी विचारलं, “चालवणारा वाचला का?” चाचांनी फोन खिशात ठेवला आणि माझा हात धरला.

पोलिसांनी सोडल्यावर दादाची पिकअप आमच्याच गॅरेजात आली. चाचा म्हणाले, दुसऱ्याला देऊ. मी म्हटलं, मीच खोलणार.

बॅटरी जोडायला वाकलो. अजून जोडली नव्हती. उजवा इंडिकेटर लागला.

मी आत हात घालून दांडी सरळ केली. “पोचलास दादा. उतर आता.”

आणि दरवाजा उघडून धरला.