मंगळाच्या जमिनीखाली

मंगळावर केव्हाच उतरलेलं एक परदेशी यान मी ठाण्यात कोपरीतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पुन्हा उतरवत होते. तोच माझा एम.फिल.चा प्रबंध. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मंगळाच्या हवेत शिरल्यावर यानाला क्षणाक्षणाला किती जोराचा अडथळा झाला, ते आकडे छापलेले होते. त्यांवरून यानाचा वेग आणि वाट मागाहून शोधून काढायची. प्रबंध सोमवारी द्यायचा होता. मुदत एकदा वाढवून घेतलेली, पुन्हा मिळणार नव्हती.

रविवारी दुपारी गणित चालवलं आणि मी हबकलेच. यान सुसाट जाऊन मंगळाच्या जमिनीखाली काही किलोमीटर घुसलं होतं! सूत्रं तपासली, अधिक-उणे तपासलं. दोन वर्षांची मेहनत मातीत, तीही मंगळाच्या. रडू फुटायचंच बाकी होतं.

शेजारी आमचे हे बसले होते. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात बॉयलरचे प्रेशर गेज, म्हणजे वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्याच्या तबकड्या, बनायचे; ते तपासून पास करायचं त्यांचं काम. माझे आकडे त्यांनीच हौसेने टाइप करून दिले होते. ते मी छापील आकड्यांशी ताडून पाहिले.

"अहो, पॅराशूट उघडलं तेव्हाचे आकडे कुठेयत?"

"ते उडालेले? ते मी काढले. सगळी रीडिंग लायनीत आणि मधेच चार-पाच भलतीच. ग्राफ बघ ना, कसला स्मूथ आलाय!"

पॅराशूटच्या ज्या हिसक्याने यानाचा वेग मोडला, तोच या गृहस्थांनी कचरा समजून झाडून टाकला होता! डोक्यात तिडीक गेली.

"मला विचारायचं तरी!" मी ओरडले. क्लासमधली सगळी वळून बघायला लागली.

"अगं, आमच्याकडे असंच करतात. एखादं रीडिंग उडालं की सोडून द्यायचं. नाहीतर माल पास कसा होणार?"

मी धुसफुसत आकडे परत घातले. यान मुकाट जमिनीवर आलं. प्रबंध वाचला होता, तरी मला आनंद होईना. त्यांचं शेवटचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं.

"बॉयलरच्या गेजचंही सोडता?"

"सगळेच सोडतात गं," ते हसत म्हणाले.

माझा धाकटा भाऊ एका गिरणीत बॉयलरवर कामाला होता. गेजच्या काट्यावर विश्वास ठेवून तो दिवसभर त्या बॉयलरपाशी उभा असायचा.