पेलेवाल्याची छत्री

बीड जिल्ह्यात समुद्र नाही, ही गोष्ट माझ्या थोरल्या दिरांनी कधी मनावर घेतली नाही. दादा अंबाजोगाईला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. निवृत्त झाल्यावर घरातली एक अख्खी खोली त्यांनी हायड्रॉइडच्या बाटल्यांना दिली. हायड्रॉइड म्हणजे समुद्रातल्या खडकावर शेवाळासारखा वाढणारा प्राणी. त्याला कळ्या येतात, कळ्यांतून इवल्या पारदर्शक छत्र्या सुटून पोहत जातात, त्या मेडुसा. आई आणि लेकरं एकमेकांसारखी जराही दिसत नाहीत, म्हणून कोण कुणाचं ते शरीर तपासून ठरवायचं. दादा माणसांनाही तोच न्याय लावत. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला विचारत, "नवरदेव बापावर गेलाय का? दिसायला न्हाई, आतून." शेजारचा ताट घेऊन दुसरीकडे बसे. आमच्या दूधवाल्याला त्यांनी एकदा सगळ्या बाटल्या दाखवल्या.

"सर, हे खातेत का?"

"न्हाई बे."

"मग ठेवलंय काऊन?"

त्यांचा जीव अडकला होता एकाच बाटलीत. मालवणच्या सहलीत सापडलेला तो हायड्रॉइड, प्रत्येक तोंडाभोवती काचेसारखा पेला असलेला. त्याची मेडुसा त्यांना निम्मं आयुष्य मिळाली नाही. गेल्या वर्षी एका जुन्या विद्यार्थ्याने त्याच खडकांजवळची एक मेडुसा बाटलीत घालून पाठवली, तोवर काचबिंदूने दादांचे दोन्ही डोळे नेले होते.

"सुमन, तू बघ. छत्रीच्या मधे सोंड लोंबते. अंड्यांच्या गाठी सोंडेवर आहेत, का छत्रीच्या काड्यांवर? काड्यांवर असल्या तरच ती आपल्या पेलेवाल्याची."

मी डाळ निवडणारी बाई. सूक्ष्मदर्शकात तेवढं मला दिसतं. गाठी सोंडेवर होत्या. दादा खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते, म्हणून मी पुन्हा पाहिलं.

"सोंडेवर आहेत, दादा."

"नीट बघ."

"नीटच बघितलं."

ते खुर्चीत मागे सरकले. मग म्हणाले, "म्हणजे दुसऱ्याच कुणाची. बाटलीला वेगळी चिठ्ठी लिही."

मी लिहिली. दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेल्याला दादांनी आत बोलावून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं आणि विचारलं, गाठी काड्यांवर आहेत का. त्याने खोलीकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं.

"काड्यांवर हायेत, सर."

"खोटं बोलतो बे तू," दादा म्हणाले, आणि किती दिवसांनी हसले.

आता रोज सकाळी दादा त्याला विचारतात, रोज तो काड्यांवर म्हणतो. चिठ्ठी मी बदललेली नाही. दूध तापवत मी ओट्यापाशीच थांबते, त्यांचं बोलणं होईस्तोवर.