चिमूटभर अंगारा

पनवेलच्या आमच्या लॅबमध्ये नवीन कुणी आलं की मी पहिल्याच दिवशी दम भरते, हातमोजे घातल्याशिवाय एकाही नळीला हात लावायचा नाही. आपल्या कातडीवर आरएनए कापणारं एक एन्झाइम असतं. अंगावर येऊन बसलेल्या विषाणूंचा आरएनए कापून टाकायचं त्याचं काम. घरचा पहारेकरीच तो, पण इतका चिवट की उकळला तरी मरत नाही. आणि आपलं-परकं असला भेद त्याला कळत नाही.

मला लहानाची मोठी करणाऱ्या काकूच्या फुप्फुसात गाठ निघाली. कुठली गोळी तिला लागू पडेल, ते गाठीच्या आरएनएवरून कळणार होतं. नमुना पोचवायचं काम आपल्याकडे नातेवाइकांचंच. हॉस्पिटलातून गाठीच्या तुकड्याची नळी बर्फाच्या डब्यात घालून, वर ‘उघडू नये’ लिहून, काकांच्या हातात दिली. काका निघाले ते आधी चिरनेरला, गावच्या देवीकडे, आणि मग माझ्याकडे.

डबा टेबलावर ठेवत म्हणाले, "देवीच्या पायाशी ठेवून आनलाय. नलीत चिमूटभर अंगारा पन घातला. आता काय भ्या नाय."

बर्फाचं पाणी झालं होतं आणि नळीत राख तरंगत होती. चिकटपट्टी मात्र त्यांनी नीट परत लावली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण ओरडणार कुणावर? बायकोसाठी जे जे जमेल ते सगळं करून हा माणूस माझ्यासमोर उभा होता, उन्हातून आलेला, तहानलेला. मी त्यांना पाणी दिलं.

तरी आरएनए काढून बघितलाच. तपासणीच्या जेलवर आरएनए शाबूत असला की जिथे दोन ठसठशीत पट्टे दिसायला हवेत, तिथे खालपर्यंत नुसता पुसट धूर. सगळं कापलं गेलं होतं, वाचायला काही उरलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, दुसरा तुकडा काढणं आता तिच्या श्वासाला झेपणार नाही. अंदाजानेच औषध सुरू करू. इतकी वर्षं हेच काम करतेय, आणि माझ्या काकूसाठी मला काहीच करता येत नव्हतं.

संध्याकाळी वॉर्डात काकांना एवढंच म्हटलं, "नमुना टिकला नाही."

"मंग बरा झाला, आमी देवीकडं जाऊन आलो," ते म्हणाले.

त्यांनी खिशातली पुडी सोडली आणि त्याच बोटांनी काकूच्या कपाळाला अंगारा लावला. काकूने डोळे मिटले. तिला बरं वाटलेलं दिसत होतं. मग ते माझ्याकडे वळले, आणि मी कपाळ पुढे केलं.