बॅजर आणि हुपरीचं स्थळ

आत्तीनं माझ्याशी बोलणं टाकलं ते बॅजरवरून. बॅजर म्हणजे मुंगसापेक्षा थोराड, तोंडावर पट्टे असलेलं, बिळात राहणारं जनावर. मी जपानमध्ये त्याच्यावरच पीएचडी करत होते. बेटांवरच्या बॅजरांचे केस गोळा करायचे, त्यातून डीएनए काढायचा आणि समुद्रानं वेगळं पाडल्यावर त्यांच्या पिढ्यांचं काय झालं ते शोधायचं.

सुट्टीला कळंब्याला घरी आले, तर दुसऱ्याच दिवशी हुपरीहून आत्ती हजर. माझ्या वडिलांची, आबांची थोरली बहीण. घरच्या चांदीच्या कारखान्यातले पैंजण तिनं पिशवीतून काढले आणि माझ्या पुढ्यात टाकले.

"शिकून झालं न्हवं? घाल आता. पोरगा थांबलाय तुझ्यासाठी."

पोरगा म्हणजे तिचा मुलगा, माझा आतेभाऊ. आमच्यात हे नवीन नव्हतं. आबांनी मामाचीच मुलगी केलेली. आत्तीलाही आतेभावालाच दिलेलं.

"मी न्हाय घालणार."

"नीट बोल," आबा पेपरामागून म्हणाले.

मग मी नीट समजावून सांगितलं. बाहेरचं जनावर बेटावर यायचं बंद झालं, आतल्या आतच पिढ्या वाढल्या. आता दोन बॅजरांचे नमुने शेजारी ठेवले तरी फरक शोधताना घाम फुटतो. उद्या एखादा नवा रोग आला, तर एकजात सगळे सापडायचे.

"आमी जनावरं हाय व्हय?" आत्तीचा आवाज चढला.

"तुझी थोरली जन्मापासून बहिरी का, ते डॉक्टरनं तुला सांगितलं होतं ना? तरी आता धाकट्यासाठी मलाच मागतीस?"

घरात कुणी हा विषय काढत नसे. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तशीच आत गेली. आत्ती माझ्याकडे बघत राहिली.

"ती तुझी बेटावरची जनावरं मेली काय गं सगळी?"

"न्हाय. जगलीत."

"मग?"

खोटं बोलता आलं असतं. पण हजारो वर्षं ती तगून आहेत, हे खरंच होतं.

"त्यांना बेट सोडून जाता येत न्हाय, आत्ती. मला येतंय."

"मग जा की!" तिनं पैंजण उचलले. "आणि परत या उंबऱ्यात दिसू नगंस."

"घर माझ्या बापाचं हाय."

आबा काही बोलतील म्हणून मी थांबले. ते उठले आणि बहिणीला हुपरीच्या गाडीत बसवायला गेले.

पुढं आत्तीनं पोरासाठी जयसिंगपूरची मुलगी केली, नात्याबाहेरची. घरातली पोरगी वाया गेली म्हणून परकी आणावी लागली, असं ती सांगत फिरते. लग्नाला मला बोलावणं नव्हतं. आबा जाऊन आले. आता मी फोन केला, की ते माझा आवाज ऐकून फोन आईच्या हातात देतात.