बन्सीच्या आईचं नाव

सुगंधाबाई जात्यात ज्वारीची मूठ टाकत होती. सासू, दगडाबाई, भिंतीला टेकून गुळाच्या काळ्या चहावर फुंकर मारत होती. नवरा आणि थोरला बन्सी मेंढरं घेऊन नदीकडं उतरलेले, घरात दोघीच. तेवढ्यात कवाडावर काठी आपटली. दौलताबादेजवळच्या या धनगरवाड्यात नानासाहेब पाटील कुणाच्याच कवाडाला हात लावत नसत, काठीच आपटत.

उघडलं तर पुढं तेच, आणि मागं बगलेत दप्तर धरलेला रामकिसन पटवारी.

"काय गं बन्सीची आई, तहसिलीत फिर्याद घेऊन गेलतीस म्हणं? गावात आम्ही मेलोत काय?"

सुगंधाबाईनं पदर पुढं ओढला, पण बाजूला सरली नाही.

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन पावसाळे झाले होते. पहिल्यांदाच मत द्यायचं होतं. पटवारी मतदारांची नावं लिहायला आला तेव्हा वाड्यातल्या एकाही बाईनं आपलं नाव सांगितलं नव्हतं. लग्न झालेल्या बाईनं परक्या पुरुषाला नाव सांगायचं म्हणजे लाज सोडायची. कुणी 'सोनाजीची आई' झाली, कुणी 'धाकल्या घरची सून'. सुगंधाबाईही पदराआडून मोठ्या ऐटीत 'बन्सीची आई' म्हणाली होती. पटवाऱ्यानं तसंच उतरवून घेतलं.

पुढं शहरातल्या शहागंजच्या बाजारात घोंगड्या विकताना एका मास्तरीणबाईनं तिला सांगितलं, "अहो, असली नावं खोडून टाकतायत. जिला स्वतःचं नाव नाही तिला मत नाही."

त्या दिवशी घोंगडी किती स्वस्तात गेली, हे तिला आठवतसुद्धा नाही. परत आली ती दारोदार फिरली. नाव सांगा गं बायांनो, नाव सांगा. आवडाबाईनं तोंडावर कवाड लावलं. साळूबाई म्हणाली, "नवरा घरी न्हाय तर लई पाय फुटले हिला." शेवटी ती एकटीच पायी शहरात गेली आणि पटवाऱ्याला पुन्हा वाड्यात पाठवा म्हणून तहसिलीच्या पायरीवर बसून राहिली. आज तो आला होता, पण नानासाहेबांच्या मागून.

"हे लोक आज हितं, उद्या तिथं," नानासाहेब पटवाऱ्याला म्हणाले. "पाहुण्यांना कसलं आलंय मत? आन् हिचं नाव चढवलं तर उद्या वाड्यातल्या समद्या उठतील. मग गावात आमचं ऐकायचं कुणी?"

"पाहुणे?" सुगंधाबाई म्हणाली. "तुमच्या रानात आमची मेंढरं बसतात, खत पडतं, तवा न्हाय कधी पाहुणे म्हणला."

"यंदा बसणार न्हाईत! माझ्याबी न्हाय आन् भावकीच्याबी न्हाय. खा मग मत शिजवून."

सुगंधाबाईनं जात्यातल्या ज्वारीकडं पाहिलं. रानात मेंढरं बसली तरच खताच्या बदल्यात घरात दाणे येत. तरी ती पटवाऱ्याकडं वळली. "लिहा. सुगंधाबाई."

पटवाऱ्यानं चोरून पाटलांकडं पाहिलं. "नवऱ्याचं नाव?"

स्वतःचं नाव तिनं कसंबसं ओठांवर आणलं होतं. धन्याचं नाव मात्र लग्नातल्या उखाण्यानंतर तिच्या तोंडून कधीच निघालं नव्हतं. ते घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं, आणि तो तर रानात, लांडग्यांच्या तोंडी.

नानासाहेब खो खो हसले. "घ्या! चालली राज्य करायला. रामकिसन, बांध दप्तर."

"फकिरा!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. दगडाबाईनं चहाची वाटी खाली आपटली होती. "फकिरा नाव हाय त्याचं. मी जन्म दिलाय, मला घ्यायला कुणाची आडकाठी? लिही."

"म्हातारे, दाण्याला महाग होशील."

"व्हईन. तू लिही रे पटवाऱ्या." मग सुनेवर डोळे वटारून, "आन् तू गं भवाने, तुझ्यापायी यंदा उपास घडणार."

पटवाऱ्यानं दप्तर सोडलं, घाईघाईनं काही खरडलं आणि निघण्यासाठी वळला. सुगंधाबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. तिला अक्षर येत नव्हतं. कागदावर बन्सीची आईच पुन्हा उतरली असली तर तिला कळणार नव्हतं.

"पटवारीसाहेब," ती म्हणाली, "काय लिवलंत ते एकदा मोठ्यानं वाचून दाखवा."