मसुद्यातला बकरा

देशाचं विज्ञान धोरण लिहायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना विज्ञान खात्यात सगळे धोरणकाका म्हणत. सरकारं आली, गेली. प्रत्येक मंत्र्याला आपलं स्वतःचं नवंकोरं धोरण हवं असे, आणि ते दरवेळी काकांच्याच खिडकीजवळच्या टेबलावर जन्माला येई. एका मंत्र्याला अवकाशाचं वेड, दुसऱ्याला बियाण्यांचं, तिसऱ्याला जिच्यात बॅटरी बसेल अशा कुठल्याही वस्तूचं. काका ज्याच्या त्याच्या मापाचा सदरा शिवून देत. घरी मात्र काकू म्हणायच्या, "देशाला दिशा देताय म्हणे. न्हाणीघराचा नळ कुठल्या दिशेला फिरवला की बंद होतो, तेवढं आधी ठरवा."

मसुदा समितीपुढे गेला की खरी गंमत सुरू होई. आपण तो वाचून आलोय हे प्रत्येक सदस्याला दाखवायचं असे, आणि ते दाखवायचा मार्ग एकच, काहीतरी खोडायचं. त्यात चांगली वाक्यं हकनाक मरत. म्हणून काकांनी एक युक्ती काढली होती. ते मसुद्यात मुद्दाम एक अचाट वाक्य घालत. समिती त्याच्यावर तुटून पडे, मनसोक्त खोडे, चहा पिऊन समाधानानं उठे, आणि बाकीचं धोरण सुखरूप बाहेर पडे. हे गुपित फक्त टंकलेखिका बाईंना ठाऊक होतं. मसुदा टाइप करायला घेतला की त्या हळूच विचारत, "काका, या खेपेला बकरा कुठं बांधलाय?"

या खेपेला काकांचा जीव एकाच वाक्यात अडकला होता, आणि त्याला कारण त्यांची पुतणी. ती सरकारी प्रयोगशाळेत खारं पाणी गोड करायचं यंत्र बनवत होती. यंत्र दोनदा फसलं होतं. एका रविवारी जेवताना ती म्हणाली, "काका, फसलं असं लिहिलं तर निधी बंद. उत्तम चाललंय असं लिहिलं तर शाबासकी. शेजारच्या खोलीतल्यांचं वर्षानुवर्षं उत्तम चाललंय. तुमचं धोरण मला खोटं बोलायला शिकवतंय."

"अगं, जेवू दे त्यांना," काकू म्हणाल्या.

"जेवू देत की. मी कुठं ताट ओढलंय?"

तो निधी बंद करायचा नियम काकांच्याच हातचा होता. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं ते हे : 'प्रामाणिकपणे कळवलेल्या अपयशामुळे कोणत्याही प्रयोगाचा निधी थांबवला जाणार नाही.' आणि त्याच्या रक्षणासाठी लगेच खाली आयुष्यातला सर्वांत लठ्ठ बकरा बांधला : 'प्रत्येक प्रयोगशाळेने दरवर्षी किमान एक मोठा शोध लावणे बंधनकारक राहील.'

टंकलेखिका बाई पोट धरून हसल्या. "काका, हा तर आंधळ्यालासुद्धा दिसेल!"

समिती बसली. अध्यक्षस्थानी खात्याच्या सचिवबाई, उजवीकडे अर्थखात्याचे साहेब, ज्यांना सगळे पाठीमागे 'कात्री' म्हणत, आणि समोर एक जाडजूड चष्म्याचे प्राध्यापक. काका भिंतीकडच्या खुर्चीवर. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्या खुर्चीचा रिवाज.

बकऱ्याचं पान उघडलं, आणि प्राध्यापकांनी टेबलावर थाप मारली. "वा! याला म्हणतात धोरण! दम आहे वाक्यात."

"मंत्रिमहोदय खूश होतील," सचिवबाई म्हणाल्या.

आजवर एवढे बकरे गेले, पण कुणी बकऱ्यालाच हार घातल्याचं काकांनी पाहिलं नव्हतं.

"पण मग हे वरचं वाक्य कशाला?" कात्रींनी पेनाचं टोपण काढलं. "शोध बंधनकारक केला, तर अपयशाला जागाच उरत नाही. खोडा."

तर्कात खोट नव्हती. पेन कागदाला टेकणार, तोच भिंतीकडून आवाज आला, "बाई, एक विचारू?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. खुर्चीच बोलली असती तरी एवढं नवल वाटलं नसतं.

"बंधनकारक म्हटलं की जबाबदार कोण, ते लिहावं लागतं. त्याशिवाय मंत्रिमंडळ कागद परत पाठवतं. कुणाचं नाव घालू?"

"विज्ञान खात्याचं, आणखी कुणाचं?" प्राध्यापक म्हणाले.

"माझं?" सचिवबाई ताठ बसल्या. "शोधाला पैसा लागतो. तो वेळेवर कोण देत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे."

सगळ्यांच्या नजरा कात्रींकडे वळल्या.

"म्हणजे कुणाला शोध लागला नाही, तर संसदेत जाब मला विचारणार?"

"दरवर्षी," काका अदबीनं म्हणाले.

कात्रींनी पेन खाली ठेवलं. "अहो, शोध म्हणजे काय हुकूम सोडल्यावर हजर होणारा शिपाई आहे? माणूस चुकतो, धडपडतो, तेव्हा कुठं काही हाती लागतं. प्रयोग करणाऱ्याला फसायची मुभा हवी! हे खालचं वाक्य काढा, वरचं राहू द्या." आणि त्यांनी बकऱ्यावर अशी रेघ ओढली की खालचं पानही फाटलं.

काका सुटकेचा श्वास सोडणार, एवढ्यात प्राध्यापक खाकरले. त्यांनी अजून काहीच खोडलं नव्हतं. "अपयश हा शब्द सरकारी कागदावर बरा दिसत नाही. 'अपेक्षेहून वेगळा निष्कर्ष' म्हणावं."

"म्हणू या," काका म्हणाले.

धोरण मंजूर झालं. मंत्र्यांनी भाषणात ती कल्पना आपल्याला सकाळी फिरताना सुचल्याचं सांगितलं. काकांनी घरी बसून ते ऐकलं आणि मान डोलावली. मंत्री फिरायला जातात, हेच त्यांना नवीन होतं.

नंतर एका संध्याकाळी पुतणी आली. "काका, अपेक्षेहून वेगळा निष्कर्ष म्हणजे काय हो?"

"फसलं."

"मग सरळ फसलं असं लिहायचं ना!"

"सरळ लिहिलं असतं, तर ते समितीतून बाहेरच आलं नसतं."

ती हसली, पिशवी खाली ठेवली. "ऐका तर मग. यंत्र काल परत बंद पडलं. पाणी गाळणारा पडदा फाटला."

"कळवलंस?"

"सकाळीच. जसं घडलं तसं. आणि नवा पडदा मागवायला परवानगीसुद्धा आली."

"पडदा फाटला कुठं?"

असं तिला आजवर कुठल्या साहेबानं विचारलं नव्हतं. तिनं पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून टेबलावर यंत्र काढलं, नळ्या काढल्या, पडदा काढला, आणि तो कुठून उसवत गेला ते दाखवू लागली. काकांना त्यातलं निम्मंसुद्धा कळत नव्हतं. पण आतून काकूंनी जेवायला हाक मारली, तरी ते तसेच टेबलावर वाकून पाहत राहिले.