मांडवीच्या आळीत ओटा बांधायला

शिमग्याला घरी जाऊन आलेले दुर्गाचे यजमान आमच्या बिऱ्हाडी आले, काजूगरांची पुडी हातात ठेवली आणि म्हणाले, "तिचा निरोप आहे. यायचं असेल तर आत्ताच या. पुढच्या वर्षी या म्हणायला ओटा उरेलसं दिसत नाही."

दुर्गा माझी शाळेतली मैत्रीण. लग्न होऊन रत्नागिरीला मांडवीत गेली, तेव्हापासून "ये गो एकदा" चाललं होतं आणि मीही "येते गो" म्हणत होते. मी गिरगावात मुलींच्या शाळेत शिकवते. वर्षं कशी जातात ते फळ्यावरच्या तारखेखेरीज कळत नाही. पण ओटा उरणार नाही म्हणजे काय? यजमानांनी सांगितलं ते असं. बंदरावर माल नेण्यासाठी एका शेठने लॉऱ्या आणल्या होत्या. लॉरीला बंदराची सरळ वाट दुर्गाच्या आळीतून होती, आणि आळी अरुंद. रुंद करायची तर दोन्ही बाजूंचे ओटे तोडायचे. अर्ज वर गेला होता. मंजुरी आल्यातच जमा, असं शेठ सगळ्यांना सांगत फिरत होता.

मी चैत्रात निघाले. एकटी बाई बोटीने जाणार म्हणून शेजारणींनी मला आवळासुपारी, लिंबं आणि उपदेश यांची शिदोरी दिली. त्यातली लिंबं उपयोगी पडली. तुम्ही जाणार असाल तर माझंही थोडं ऐका. भाऊच्या धक्क्यावर बोट सुटण्याच्या बरीच आधी पोचा. तुतकावर, म्हणजे डेकवर, जो आधी चटई टाकेल त्याची जागा. इंजिनाजवळ बसू नका, तिथे तेलाच्या वासानेच पोट ढवळतं. आणि उपाशी राहू नका. उपाशी माणसाला बोट आधी लागते. हे मला जयगडच्या एका बाईने सांगितलं आणि दशम्याही तिनेच खाऊ घातल्या. हर्णै गेलं, दाभोळ गेलं. प्रत्येक बंदरात बोट लांब उभी राहते, किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे उतारूंच्या होड्या, येतात, माणसं, कोंबड्या आणि ट्रंका उतरतात, आणि तेवढ्या वेळात सगळ्या बोटीला कोण कुठल्या गावचं ते कळतं.

रत्नागिरीला दिवेलागणीला पोचलो. बोटीतून पडावात उतरणं ही या प्रवासातली खरी परीक्षा. खाली पडाव वर येतो, परत खाली जातो, आणि मध्ये काळं पाणी.

"बाई, हात सोडा!" खालून खलाशी ओरडला.

"कशी सोडू?"

"मग ऱ्हावा तिथंच. गोव्याला उतरा."

मी हात सोडला. पडावात पडले ती एका टोपलीवर. टोपली रिकामी होती हे नशीब. टोपलीची मालकीण हसत म्हणाली, "पडलीस ती बरी पडलीस गो बाय. कुनाकडं जायचाय?"

ही गोदी. मांडवीची खारवीण, बंदरावर मासळी घेऊन घरोघर विकणारी. दुर्गाचं नाव घेताच तिने माझी ट्रंक डोक्यावर घेतली आणि पैसे विचारले तर म्हणाली, "पैसं कसलं? त्यांच्या पायरीवर रोज बसतंय मी."

"पायरीवर" या शब्दाकडे तेव्हा माझं लक्ष गेलं नाही.

सकाळी आळी पाहिली. दोन्ही बाजूंना जांभ्याच्या चिऱ्यांची बुटकी घरं, आणि प्रत्येक घरापुढे शेणाने सारवलेला ओटा. आळी इतकी अरुंद की या ओट्यावरची बाई समोरच्या ओट्यावरच्या बाईशी आवाज न चढवता बोलते. तांदूळ निवडणं तिथे, मुलांचे पाढे तिथे, जाळी विणणं तिथे. टोकाला हसनमियाँ तांडेलांचं घर. आता ते बोटीवर जात नाहीत, पण वारा बघून उद्या समुद्र कसा असेल ते त्यांच्या ओट्यावरून सगळ्या आळीला कळतं. कुणाचं बाळ कुणाच्या मांडीवर आहे याचा हिशेब कोणी ठेवत नाही. मुंबईत आमच्या मजल्यावर दोन दारं पलीकडे कोण राहतं ते मला नाव घेऊन सांगता येणार नाही.

दुर्गाचे सासरे आबा किराणा दुकान चालवतात. लॉरीबद्दल त्यांचं मत वेगळं होतं. जेवताना म्हणाले, "दोन हात ओटा गेला तर आभाळ कोसळत नाही. माल दारात उतरेल. हमाली वाचेल."

"आणि बसायचं कुठे?" दुर्गाने वाढता वाढता विचारलं.

"घरात. बायकांनी घरात बसावं."

दुर्गाने त्यांच्या ताटात भात वाढला आणि बांगड्याचं तिखलं वाढायचं राहूनच गेलं. आबांनी मागितलं नाही. मला मात्र दोनदा वाढलं. नारळाच्या रसातलं, वर तिरफळं घातलेलं ते तिखलं आणि तांदळाची भाकरी एवढ्यासाठीसुद्धा बोटीचे हाल सोसायला हरकत नाही.

दुसरं लक्षात आलं ते गोदीमुळे. ती सकाळी टोपली घेऊन आली आणि ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली. दुर्गा वर, मी वर, गोदी खाली. गप्पा तासभर चालल्या, चहाही आला, पण गोदीचा कप वेगळा होता आणि तो तिनेच विसळून कोनाड्यात ठेवला. मी दुर्गाकडे पाहिलं. तिने नजर चुकवली.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघी भाट्याला गेलो. गोदीची बहीण तिथे दिली आहे. खाडी तरीने, म्हणजे होडीने, ओलांडायची. तरवाला दिवसभर असतो, भरती पाहून जा एवढंच. ओहोटीला गुडघाभर चिखल तुडवावा लागतो. पलीकडे सुरूची झाडं आणि वाळूची लांबच लांब पुळण. गोदीच्या बहिणीने शहाळी फोडली, कैरीची आमटी खाऊ घातली. ऊन कलल्यावर आम्ही परतलो. तरीतच एक ओळखीचा माणूस म्हणाला, "तुमच्या आळीत ठोकाठोक चाललीय."

आम्ही बंदरापासून जवळजवळ पळतच गेलो.

आळीच्या तोंडाशी शांताराम गिरणीवाल्याचं घर. शांताराम बायकामुलांसह मुंबईला गिरणीत, घराला कुलूप. त्या घराचा ओटा नव्हता. चिरे उपटून रस्त्यावर टाकले होते आणि दार भिंतीत अधांतरी लटकल्यासारखं दिसत होतं. शेठचा मुकादम माणसं घेऊन भर दुपारी, आळी जेवून पडली असताना आला होता. हसनमियाँ काठी टेकत पुढे गेले, तर त्यांना म्हणाला, "मालक नाही, तक्रार करणार कोण? बाकीच्यांचं मंजुरी आल्यावर बघू."

मंजुरी नव्हती. कुलूप होतं, एवढंच त्यांना पुरलं.

लोक ओट्याओट्यांवर उभे होते. कोणी म्हणत होतं कचेरीत जाऊ. कोणी म्हणत होतं शांतारामला तार करू. आबा दुकानाच्या दारातच उभे होते. दुर्गाने पदर खोचला, खाली वाकली आणि एका चिऱ्याला हात घातला. तो हलला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

"सुमे, बघतेस काय? धर."

चिरा किती जड असतो ते वर्गात बसून कळत नाही. दोघींनी उचलला, चार पावलांवर नेला, ठेवला. माझ्या बोटांची सालटी निघाली. मागे वळून पाहिलं तर गोदी दुसरा चिरा ढकलत होती, तिच्यामागे समोरच्या घरातली सून, आणि मग सगळीच आळी. पुरुषांनी मग आमच्या हातातले चिरे काढून घेतले. कोणी तांबडी माती कालवली, कोणी पाणी आणलं. हसनमियाँ काठीने दाखवत होते, "ह्यो हिथं नको, ह्याचा कोना तुटलाय, आत घाला." दोन-तीन वर्षांपूर्वी चिमूटभर मिठासाठी माणसं हसत तुरुंगात गेली, त्या वेळी मी मुंबईत खिडकीतून मिरवणूक पाहिली होती. इथे खिडकी नव्हती.

सूर्य समुद्राला टेकायच्या आत ओटा उभा राहिला. पूर्वीसारखा सरळ नाही, एका बाजूला कललेला, पण ओटा. बायकांनी शेणाने सारवला. मग सगळे त्याच्याभोवती उभे राहिले आणि वर कोणीच बसेना. ओलं होतं हे एक कारण. दुसरं असं की आधी कोण बसणार हा प्रश्न होता.

दुर्गा म्हणाली, "गोदी, बस वर."

गोदी हसली. "मी? माजी आपली पायरी बरी."

"पायरी बांधलीच नाही आज. बस वर."

आबांचा आवाज मागून आला. "दुर्गा. रीत असते काही."

ती वळली. तिचे हात कोपरापर्यंत मातीने माखलेले होते. "आबा, त्या शेठला आपण सांगतोय की हा ओटा आळीचा आहे. आळीचा म्हणजे कोणाचा? चिरे वाहायला गोदी चालली. राखायचा तर नीट राखू, नाहीतर लॉरीच जाऊ दे."

आबा दुकानात गेले आणि फळ्या लावून घेतल्या. गोदी अजून उभीच होती. मग तिने पाय पुसले आणि ओल्या ओट्यावर बसली. लुगड्याला शेण लागलं. "मेल्यांनो, बघताव काय?" ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते मी पाहिलं, पण तिला ते दाखवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः आला. आळीत मोटार शिरत नाही, म्हणून तोंडाशी उतरून चालत आला, मागे मुकादम आणि पहारी घेतलेली माणसं. आळीतल्या एकूण एक ओट्यावर माणसं होती. शांतारामच्या ओट्यावर गोदी, दुर्गा, मी आणि आणखी कितीतरी जणी, काजूगर सोलत बसलेल्या.

शेठ गोड बोलणारा होता. "बायांनो, मोटार म्हणजे तुमच्याच पोरांना काम. जग पुढे चाललंय."

"चालू दे की," दुर्गा म्हणाली. "मागच्या वाटेनं चालू दे. ती रुंद आहे."

"तिथं वाळू आहे. दगड टाकावे लागतील."

"मग टाका."

"हे घर तर बंद आहे. तुमचं काय गेलं?"

"ह्या ओट्यावर माझी मुलगी चालायला शिकली. घर बंद असेल, ओटा बंद नाही."

शेठने मुकादमाला खूण केली. मुकादम पुढे झाला, पण पहारीवाली माणसं जागची हलली नाहीत. त्यांतला एक गोदीकडे पाहून खाली मान घालून उभा होता. तो तिचा चुलतभाऊ निघाला. गोदीने त्याला विचारलं, "काय रं, आधी माज्यावर मारतोस का चिऱ्यावर?"

तेवढ्यात दुकानाच्या फळ्या वाजल्या. आबा बाहेर आले. धोतर सावरत आळी ओलांडली आणि आमच्या ओट्याच्या पार टोकाला, गोदीकडे पाठ करून बसले. शेठला म्हणाले, "माझा माल हमाल आणतील. तुम्ही या."

पुढे ते गोदीशी दिवसभर एक अक्षर बोलले नाहीत. पण उठलेही नाहीत. आपल्या बाजूचा दुकानदारही फिरलेला पाहून शेठ काय ते समजला. "बघून घेतो," म्हणाला आणि गेला. त्या संध्याकाळी मागच्या वाटेवर लॉरी वाळूत रुतल्याचा आवाज आळीभर ऐकू आला आणि हसनमियाँ मनापासून हसले.

मी ठरवलेल्यापेक्षा जास्त राहिले. कोणी पुन्हा येईल म्हणून पाळीपाळीने बसायचं ठरलं होतं आणि माझीही पाळी होती. परत आले तेव्हा आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी चष्म्यावरून पाहून विचारलं, "रजा वाढवायला काय कारण झालं?"

"ओटा बांधत होते," मी म्हटलं. त्यांना ते खोटं वाटलं. मी हात पुढे केले.

मुंबईत आल्यावर एक काम होतं. परळच्या चाळीत शांतारामला शोधून काढला. पाळी संपवून तो नुकताच आला होता, केसांत कापूस. सगळं सांगितलं. ओटा कसा पाडला, कसा उभा राहिला, कोण त्यावर बसलं. तो केसांतला कापूस वेचत राहिला. मला वाटलं, गोदीचं ऐकून बिथरला.

मग उठला, देवाच्या फळीवरून किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. "दुर्गावहिनींना पाठवा. घराला कुलूप होतं म्हणून त्यांनी माझंच घर धरलं. आता दार उघडं ठेवा म्हणावं. बाहेर ऊन लागेल तर गोदीनं आत बसावं."

किल्ली मी दुसऱ्याच दिवशी धक्क्यावर जाऊन मांडवीच्या माणसाबरोबर पाठवली. त्या आळीवर शेठ पुन्हा येईल, त्याच्यासारखे दहा येतील, मंजुरीही एखाद दिवशी येईल. मी भाबडी नाही. पण ओटा जपायचा म्हणजे चिरे जपायचे असं मी जाताना समजत होते. आता ती समजूत उरलेली नाही. परवा दुर्गाचा निरोप आला. शांतारामच्या घरात दिवा लागतो. मागच्या वाटेवर दगड पडताहेत. आबांनी गोदीला विचारलं, आज सुरमई कशी दिलीस. तिने भाव दुप्पट सांगितला.